जुन्या गावावर गळ

९ ऑक्टोबर, बुधवार

पोहोचले एकदाची! अडतीस तास बसमध्ये बसून कमरेचा काटा ढिला झालाय, पण खोलीचं दार उघडलं तर समोर हे एवढं पाणी आणि वर त्याहून मोठं आभाळ. साव पावलो शहरात आभाळ असतं, पण ते तुकड्यातुकड्यांनी मिळतं. सामान तसंच टाकलं, चपला काढल्या आणि पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले. पाणी कोमट आहे. नव्या इंबुरानासला येऊन पहिलं काम हे केलं, आणि दुसरं म्हणजे ही वही उघडली.

वही बाबांच्या मासेमारीसाठी घेतलीय. सव्वीस वर्षं मी बसडेपोच्या पार्सल खिडकीवर बसते. खोकी तपासायची, कागद बघायचे, चिठ्ठी चिकटवायची. कागद नसेल तर खोकं जागचं हलू द्यायचं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, त्यामुळे सहलसुद्धा मी कागदावरच करणार.

बाबा एक्याऐंशीचे आहेत. डॉक्टर म्हणाले, नाताळ बघतील, पुढचं सांगता येत नाही. काय हवंय विचारलं, तर म्हणाले, एकदा जुन्या गावावर जाऊन गळ टाकायचाय. दुसरं काही नको. माझा भाऊ जोझुए त्यांना घेऊन अठरा तारखेला येतोय. त्याआधी खोली, बोट, सामान, माशांची जागा हे सगळं लावून ठेवायला मी पुढे आले. लग्न केलं नाही, मुलंबाळं नाहीत, त्यामुळे अशा वेळी रजा मलाच मिळते.

जुनं इंबुरानास धरणाच्या पाण्याखाली आहे. म्हातारा शिको, म्हणजे आमची नदी, अडवली तेव्हा सगळं गाव ट्रकांत भरून उठलं. कागदाच्या हिशेबाने मी तेव्हा सात वर्षांची. मला त्यातलं काडीचंही आठवत नाही, याचं मला स्वतःलाच नवल वाटतं. सध्या पाणी उतरलंय. चर्चच्या मनोऱ्याचं टोक हातभर वर आलंय आणि त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेत.

घरमालकीण फिर्मिनामावशी बाबांची जुनी शेजारीण निघाली. तिचं लग्न नदीच्या वरच्या अंगाला झालं. नवरा गेल्यावर ती परत आली ती या नव्या गावात. माझं नाव इदालिना म्हटल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, बेलार्मिनोची मुलगी म्हणजे घरचीच. जेवायला बकऱ्याचं कालवण आणि मानिओक कंदाचं पीठ होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

बोट ठरली. नावाडी वाल्दोमिरो साठीचा आहे, आणि तोंड कसं तर चालू इंजिन बरं. बाबांना धरून बसवायला लागेल म्हटलं, तर म्हणतो, "ताई, तुमच्या बाबांना बोट नको, पलंग पाहिजे. पण काळजी सोडा, माझ्या बोटीत दोन्हीची सोय आहे, फक्त उशी तुमची." दहानंतर वारा सुटतो आणि लाटा उठतात, म्हणून पहाटे निघायचं आणि दहाच्या आत काठाला लागायचं, हे मात्र त्याने गंभीरपणे सांगितलं.

बोटीच्या नोंदवहीसाठी ओळखपत्र दाखवलं. चोपन्न वर्षं वाचून त्याने कार्ड उन्हात धरलं, उलटंपालटं केलं. ताई पाणी पितात का अमृत, असं विचारलं. मला हे ऐकायची सवय आहे. शाळेत उशिरा घातलं होतं, वर्गात वयाने सगळ्यात थोरली आणि उंचीने सगळ्यात ठेंगणी. दाताचा डॉक्टरही एकदा माझ्या जबड्याकडे आणि कागदाकडे आळीपाळीने बघत बसला होता.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांनी सामानाची यादी सांगितली: जाड तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, चाळीस मीटर. शिसं. गळ नको. मी म्हटलं, बाबा, गळाशिवाय मासा काय लग्नाची पत्रिका पाठवल्यावर येणार? ते हसले नाहीत. एक पांढरी चादरही आण म्हणाले, नवी, न वापरलेली. आणि जागा मनोऱ्याजवळची नको; चर्चच्या मागे, आंब्याच्या झाडांकडे दोनशे पावलं. तिथे काय होतं ते विचारलं तर जोझुएकडे फोन देऊन टाकला. म्हातारपण आहे. गळ मी माझ्या मनानेच घेणार आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी वाल्दोमिरोबरोबर जागा बघून आले. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेत आणि त्यांच्या आडोशाला तुकुनारे मासे बसलेले असतात. मी एक पकडला. हिरवट-सोनेरी अंग, शेपटीवर डोळ्यासारखा ठिपका, आणि ओढ अशी की हात खांद्यातून निघतो. मावशीने तो तळला. बाबांना असा एक जरी मिळाला तरी माझी रजा कारणी लागली म्हणायची.

घोडं पेंड खातंय ते जागेपाशी. वाल्दोमिरो गाव सुटलं तेव्हा तेरा वर्षांचा होता. चर्चच्या मागे दोनशे पावलं म्हणजे कुठली दिशा, यावर त्याचं आणि काठावर जाळी शिवणाऱ्या म्हाताऱ्यांचं भांडण जुंपलं. प्रत्येकजण पाण्याकडे बोट करून तिसरंच ठिकाण दाखवतो. आपापलं घर मात्र सगळ्यांना बिनचूक माहीत आहे.

मावशीने तोडगा सांगितला. आमच्या भागात कुणी बुडालं की सुक्या भोपळ्याच्या अर्ध्या वाटीत मेणबत्ती लावून ती पाण्यावर सोडतात आणि त्या माणसाचं नाव घेतात. वाटी जाते आणि देहावर जाऊन थांबते. गाव उठल्यावर ज्यांच्या कबरी खालीच राहिल्या, ते लोकही तसंच करून आपली माणसं शोधतात आणि तिथे प्रार्थना म्हणतात. तुझं कुणी खाली असेल तर त्याचं नाव घे, म्हणाली. एक जागा सापडली की बाकीचं गाव त्यावरून मोजता येईल. मी म्हटलं, आमचं कुणी नाही. आजी-आजोबांची हाडं बाबांनी इकडे वर आणली होती. मावशी मान खाली घालून घेवडा निवडत बसली.

आईची आठवण आली. मी घरात थोरली, जोझुए माझ्या मागचा, तरी आई मला आयुष्यभर "धाकटे" अशी हाक मारायची. आम्ही तिला हसायचो. ती हसायची नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज मुलांचा सण. काठावर फुगे, मिठाई आणि आरडाओरडा होता, आणि त्यात आमची बोट वाटी घेऊन निघाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी आज केलं, असं आता वाटतंय, पण तेव्हा गंमत वाटत होती.

मनोऱ्यापाशी वाल्दोमिरोने इंजिन बंद केलं. मेणबत्ती लावली. कुणाचं नाव घेताय, असं त्याने विचारलं. मला खालच्यांपैकी कुणाचंच नाव येईना, म्हणून हसत हसत माझंच घेतलं: इदालिना, बेलार्मिनो आणि ओतासिलियाची मुलगी. वाल्दोमिरो ओरडलाच. "ओ ताई, जिवंत माणसाचं नाव घेतात का कुणी! कुठली अवदसा आठवली तुम्हाला?" मी म्हटलं, मग ती वाटी बोटीभोवतीच फिरेल, अजून काय होणार.

वाटी निघाली. वारा आमच्या तोंडावर येत होता आणि ती वाऱ्याच्या उलट चालली होती. लाटांवरून, वाळलेल्या झाडांच्या मधून, घाई नसलेल्या माणसासारखी. आम्ही वल्ही मारत मागे गेलो. चर्चच्या मागे, साधारण दोनशे पावलांवर ती थांबली आणि तिथेच राहिली. भोवतीचं पाणी हलत होतं, ती हलत नव्हती. मी शिसं सोडून खोली मोजली. दहा मीटर.

परत येताना वाल्दोमिरोने एकही विनोद केला नाही. मी वहीत लिहिलंय: जागा मिळाली.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दहा वाजता, चांगलं ऊन असताना, वाटी माझ्या पायरीला लागलेली होती. मेणबत्ती जळत होती. उन्हात ज्योत दिसत नाही, वरची हवा तेवढी थरथरताना दिसते. काल लावलेली मेणबत्ती होती बोटभर.

मला वाटलं वाल्दोमिरोचा खोडसाळपणा. पण तो प्रार्थनेला गेलेला, आणि त्याची बोट काठावर उलटी घातलेली. मी काठीने वाटी लोटली. अर्ध्या तासाने ती परत पायरीला होती.

फिर्मिनामावशीला दाखवली. तिने आधी छातीवर क्रूसाची खूण केली, मग विचारलं, काल कुणाचं नाव घेतलंस. मी सांगितलं. तिने माझा हात धरून मला आत नेलं, बसवलं आणि सांगितलं. बेलार्मिनोला आधी एक मुलगी होती. इदालिना. गोवराने गेली. चौथं वर्ष नुकतं लागलं होतं. पांढरा झगा घातला होता, आणि त्या लहानशा पेटीची एक बाजू मावशीने स्वतः धरली होती. चर्चच्या मागे पुरलं. मावशीला वाटत होतं मला हे माहीत असेल.

मला माहीत नव्हतं. चोपन्न वर्षं कुणी मला सांगितलं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

बाबांना फोन केला. मावशीने सांगितलं ते खरं का, विचारलं. मग ते बोलले, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात.

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी झाले. जन्माची नोंद करायला तालुक्याला जायचं म्हणजे होडीने दोन दिवस. घरात एक जन्मदाखला होताच, मुलीचा, आणि त्या मुलीला आता तो लागणार नव्हता. तिच्या मरणाची नोंद कुणी केलीच नव्हती. मग तोच कागद मला दिला, आणि कागदाबरोबर नावही. आमच्याकडे तेव्हा बरेच लोक असं करत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. म्हणजे मी चोपन्नची नाही. पन्नासची आहे.

आणि मग धरण आलं. कबरी हलवायला प्रत्येक घराला पेट्या मिळत होत्या, पण मयताचा दाखला दाखवल्यावर. मुलीसाठी पेटी मागायची तर ती मेली असं सांगावं लागणार. आणि ती मेली, तर मग अंगणात खेळणारी ही कोण, हिचा कागद कुठे? बाबा घाबरले. शिकलेले नव्हते. वाटलं, या मुलीला कुणी शाळेत घेणार नाही, दवाखान्यात घेणार नाही, कदाचित काढूनच घेतील. शेवटच्या दिवशी ते फावडं घेऊन एकटे तिथे गेले. दोन हात खणलं. पुढे हात चालेना. परत आले आणि ट्रकमध्ये बसले. मी आईच्या मांडीवर होते.

तुझ्यासाठी तिला सोडलं, म्हणाले. आणि रडले. जोझुएने फोन घेतला आणि विचारलं, काय सांगितलंस तू त्यांना?

मासे पकडायला येतच नाहीयेत ते, तिला न्यायला येतायत. चादर, शिसं, तंगूस. मला आता सगळं कळलं.

आईने मला नावाने का हाक मारली नाही, तेही कळलं. आज दुपारभर मी रडले. कुणासाठी ते विचारू नये.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाटी आली. मी लोटली नाही. पायरीवर तिच्या शेजारी बसून राहिले.

ऊन होतं, डोळे मिटले होते, आणि मला आठवायला लागलं. आंब्याची सावली. मातीच्या रांजणाचा गारवा, त्याला टेकवलेलं कपाळ. अंग तापलेलं, भाजत असलेलं. आणि आई. तरुण, केस मोकळे. ती मला मांडीवर घेऊन गात होती आणि गाण्यात माझं नाव घालत होती. इदालिना. परत परत.

हे माझं नाही. मला ठाऊक आहे हे माझं नाही. माझ्या आईने मला कधीच असं— तिने मला जेवू घातलं, कपडे शिवून दिले, परीक्षेला बोट धरून नेलं, सगळं केलं. पण असं नाही.

मला उठावंसं वाटेना. मावशीने हाताला धरून आत आणलं. साव पावलोतल्या माझ्या घराचा नंबर किती, असं तिने विचारलं. तो मला आठवेना.

१६ ऑक्टोबर, बुधवार

मावशी रागावली आहे. माझ्यावर, बाबांवर, मेलेल्या आईवर. "पाण्याला कागद वाचता येत नाही, पोरी, त्याला नाव तेवढं ऐकू येतं. तू हाक मारलीस, तिने ओ दिली. आता नाव एक आणि मुली दोन. त्यातली एकच वर राहणार."

मी विचारलं, मीच तिला जा म्हटलं तर? मावशी म्हणाली, नाही. माझ्या तोंडून ते नाव घेऊन निरोप दिला तर कुणाला दिला ते पाण्याला कळणार नाही. ज्याने तिला खाली सोडलं, त्यानेच सांगायला हवं. बाबांनी. वाटीसमोर तिचं नाव घ्यायचं, मग म्हणायचं: तू गेलीस, बाळा, तिथेच नीज. आणि चिमटीने मेणबत्ती विझवायची. एवढंच. मग ती खाली शांत झोपेल आणि नाव माझ्याकडे राहील.

आणि चुकून ये म्हणाले तर, असं मी विचारलं नाही. मावशीनेही सांगितलं नाही.

मासेमारी रद्द करू का? जोझुएला फोन लावला. ते निघाले होते. बाबा खिडकीशी बसलेत आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर जेवले, म्हणाला. रद्द कशी करू?

बाबांना एवढं एक वाक्य म्हणता येईल. नक्की येईल.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मावशीने सकाळी एकच कप कॉफी केली. मी समोर बसलेली. मग एकदम दचकली, माफी मागितली, दुसरा कप आणला. दुपारी परत एकच ताट.

वाल्दोमिरोने काठावर मला विचारलं, बाई, बोट हवी का, कधी आलात? मी वही दाखवली. त्याचं नाव, त्याचे विनोद, सगळं लिहिलेलं. कपाळावर हात मारून हसला. डोळे हसत नव्हते. भ्यायला होता.

जोझुएला फोन केला, बस कुठवर आली म्हणून. म्हणाला, कोण बोलतंय? मी म्हटलं इदालिना. म्हणाला, कोण इदालिना? मग म्हणाला, अगं तू होय, आवाज तुटत होता. बसमध्ये रेंज नसते. रेंज नसते हे खरं आहे.

माझे पाय सारखे ओले लागतात. पुसले तरी.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आले!

बाबांनी मला लांबूनच ओळखलं. इदालिना, म्हणून मोठ्याने हाक मारली, सगळ्या बसथांब्यावर ऐकू गेली. मिठी मारली. त्यांच्या शर्टाला तोच साबण, तोच वास. मी लहान मुलीसारखी रडले. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "केवढी मोठी झालीस गं!"

जोझुएने माझ्याशी हात मिळवला. खोली छान आहे म्हणाला, किती लोकांची सोय होते, असंही विचारलं. मी उत्तर दिलं. दुसरं काय करणार होते?

मावशीने बाबांना समोर बसवून वाक्य शिकवलं. तू गेलीस, बाळा, तिथेच नीज. त्यांनी शाळेतल्या मुलासारखं तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्या वेळी तर न अडखळता. वचन दिलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून दिलं. मी म्हटलं, बाबा, मी तुमची दुसरी, मी राहिलेली. ते म्हणाले, हो गं बाळा, माहीत आहे मला.

माझा विश्वास आहे त्यांच्यावर. ठेवायलाच हवा.

१९ ऑक्टोबर, शनिवार

उद्या. सगळं तयार आहे. तंगूस, शिसं, चादर, उशी, पाणी, बाबांच्या गोळ्या. बोटीत चौघं: वाल्दोमिरो, मावशी, बाबा, मी. जोझुएला बोट लागते, तो काठावर थांबेल.

यादी परत वाचली. वाल्दोमिरोने त्याच्या वहीत तीनच नावं लिहिलीत. मी चौथं लिही म्हटलं. लिहितो म्हणाला. पेन हातात धरून मला बघत राहिला— मी निघून आले.

बाबा दिवसभर पाण्याकडे बघून हसतायत. त्यांना असं हसताना मी—

वाटी तीन वेळा आली आज.

२० ऑक्टोबर, रविवार. बोटीत

सात वाजलेत. वारा नाही. पाणी आरशासारखं. वही मांडीवर आहे.

जागेवर आलो. वाल्दोमिरोला ती शोधावी लागली नाही. वाटी आधीच तिथे उभी होती. कुणी सोडली नव्हती.

बाबांनी तंगूस सोडलं. टोकाला नुसतं शिसं. चादर मांडीवर उलगडून ठेवलीय. हात थरथरत नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थरथरत नाहीत.

मावशीने खूण केली. बाबांनी नाव घेतलं. माझं— आमचं.

पुढचं येईना. ओठ हलतायत. म्हणा बाबा. तू गेलीस म्हणा. मी मागून सांगतेय, मावशी सांगतेय, म्हणा, एवढं एकच—

म्हणाले, ये.

ये बाळा. बाबा आलेत न्यायला. चुकलं बाळा बाबांचं. ये.

मावशी ओरडली. मी म्हटलं, बाबा, मी इथे आहे, तुमच्या मागे आहे, पन्नास वर्षं तुमच्या मागेच— ऐकू जात नाही. माझा आवाज मलाही—

तंगूस ताठ झालं. ओढतायत. दोन्ही हातांनी. रडतायत आणि हसतायत. बाबांना इतकं सुखात मी कधीच पाहिलं नाही. मला राग यायला हवा. येत नाही. वाईट वाटतं फक्त. खूप वाईट वाटतं.

बोटं गार पडली. अक्षरं मोठी येतायत. आई गातेय, अगदी जवळ. त्या मुलीला लिहिता येत नव्हतं. तीन वर्षांची होती. मी लिहितेय. लिहितेय तोवर मी मीच आहे. मी इदालिना. पार्सल खिडकी. सव्वीस वर्षं. मी इदा—

पाण्यात पांढरं काहीतरी. वर येतंय.

बाबा वळले. माझ्याकडे बघितलं. ओळख नाही. पण डोळ्यांत माया. म्हणाले, बाई, जरा सरकता का, माझी मुलगी वर येतेय, तिला बसायला जागा हवी.

सरकले. अगदी काठाशी. बाबा, एवढी पुरेल का, की अजून—